भावोजींनी पास केलेलं मैदान

माझे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, एकतीस वर्षं लिफ्टचे मेकॅनिक होते. एवढं सांगितलं की त्यांच्याबद्दल निम्मं सांगून झालं. आमच्याकडे जेवायला आले तरी हा माणूस आधी बाल्कनीचं दार हलवून बघणार, ‘बिजागरी सैल आहे रे’ असं मला ऐकवणार आणि मगच खुर्चीवर टेकणार. खुर्चीही आधी हलवून बघणार, ते वेगळं. ताई म्हणते, ‘यांच्याशी संसार म्हणजे गॅस बंद आहे हे दिवसातून तीन वेळा सांगायचं.’

निवृत्तीच्या दिवशी लोक घड्याळ घेऊन घरी येतात. भावोजी कुत्रं घेऊन आले. एका गोदामाच्या लिफ्टची तपासणी करायला ते खालच्या खड्ड्यात उतरले, तर तिथे तेलकट चिंध्यांवर एक काळं पिल्लू झोपलेलं. वर लिफ्ट खडखडतेय, माणसं ओरडतायत आणि याला पत्ताच नाही. घरी आणल्यावर ताईच्या हातून पातेलं पडलं, इमारत दचकली असेल, पण पिल्लाचा कानसुद्धा हलला नाही. ठार बहिरं. भावोजींनी त्याचं नाव ठेवलं भुंगा. ‘ज्याला हाक ऐकूच येत नाही त्याला नाव कशाला?’ असं मी विचारलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

ताईला कुत्र्यांची आवड अजिबात नाही. ‘तुमचं आहे, तुम्ही बघा,’ एवढं म्हणून तिने हात झटकले. आणि भावोजींनी खरंच बघितलं. तळहात उंचावला की ये, मूठ दाखवली की बस, अशा खुणा शिकवल्या. कामावर असताना दिवसाला दहा वाक्यं बोलणारा माणूस त्या बहिऱ्या कुत्र्याशी तासन्‌तास गप्पा मारायला लागला. मी चिडवायचो, पण मनातून बरं वाटायचं. निवृत्तीनंतर भिंतीकडे बघत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

वर्षभरात भुंगा वाढला. लांबच लांब पाय, पोट पाठीला लागलेलं, अंगात नुसती धाव. दोरीला धरून फिरवलं तर त्याचं काहीच भागायचं नाही. मग दिवसभर तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तो येरझाऱ्या घालायचा आणि भुंकायचा. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही, मग थांबायचं कधी हे त्याला कळणार कसं? खालच्या मजल्यावर एक नर्सबाई राहतात. त्यांची रात्रपाळी, दिवसा झोप. त्यांनी आधी दोनदा येऊन नीट सांगितलं, मग दोनदा लेखी तक्रार केली. त्यांचं काय चुकलं? काही नाही. इमारतीच्या मॅनेजरने भावोजींना चिठ्ठी दिली: तिसरी तक्रार आली तर कुत्रा घराबाहेर, नाहीतर कुत्र्यासकट तुम्ही.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘याला औषध नको. रोज अर्धा तास मोकळं धावू द्या, घरी गप झोपेल.’

आता मोकळं धावू द्या म्हणणं सोपं आहे. ऐकू येणारं कुत्रं सुटलं तर हाक मारून परत बोलावता येतं. भुंग्याने एकदा पाठ फिरवली की तुमचा तळहात बघणार कोण? म्हणजे जागा हवी चारी बाजूंनी बंद. तशी जागा शोधायला गाडी हवी, आणि गाडी कोणाकडे? माझ्याकडे. मी बेकरीचा पाव दुकानांना पोचवतो. पहाटे चारला माल भरतो, साडेपाचला शेवटचं दुकान होतं, मग व्हॅन मोकळी. त्या व्हॅनमध्ये कुत्र्याचा एक केस सापडला असता तर मालकाने मलाच मोकळं केलं असतं. पण ताईने फोनवर एवढंच म्हटलं, ‘तू नेशील ना रे यांना?’ झालं. मागे जुनी चादर अंथरली आणि निघालो.

पहिलं मैदान एका श्वान क्लबचं. हिरवळ अशी की मलाच लोळावंसं वाटलं. भावोजींनी कुत्र्याला व्हॅनमधून काढलंच नाही. खिशातून टेप काढला, कुंपणाला लागले आणि पूर्ण फेरी मारली. वाकून जाळीखालून हात घालतायत, टेप लावतायत, खांब हलवतायत. अर्ध्या तासाने परत आले. ‘मागच्या कोपऱ्यात जाळीखाली सहा इंच. नापास.’

दुसरं एका दुकानसंकुलाच्या गच्चीवर. तिथला खांब भावोजींनी हलवला तो हातातच आला. व्यवस्थापक धावत आला, ‘अहो, तुम्ही आमची मालमत्ता तोडताय!’ भावोजी शांतपणे म्हणाले, ‘मी तोडली नाही. तुम्ही बसवलीच नव्हती.’ तिसऱ्या ठिकाणी सगळं ठीक, पण फाटक एकच. कोणीही आत यायला उघडलं की बाहेर पडायची वाट मोकळी. चौथ्या ठिकाणी कुंपण चार फुटी. भुंगा ते चहा पिता पिता ओलांडेल.

मी वैतागलो. तीन आठवडे सकाळची झोप गेली होती. म्हटलं, ‘भावोजी, आपण कुत्र्याला धावायला जागा शोधतोय की तुरुंग?’

‘तुरुंगातून माणूस पळाला तर त्याला गाड्यांचे हॉर्न ऐकू येतात,’ ते म्हणाले. मी व्हॅन चालू केली.

पाचवं मैदान गावाबाहेरच्या हमरस्त्यालगत, पाणी शुद्धीकरण केंद्राच्या मागे. दिसायला भिकार. अर्धं गवत, अर्धी माती, एक नळ, दोन बाकं. पण जाळी साडेसहा फुटी आणि खाली काँक्रीटमध्ये गाडलेली. आणि फाटकं दोन. बाहेरच्या फाटकातून आत आलं की चार पावलांची पिंजऱ्यासारखी जागा, तिथे थांबायचं, मागचं फाटक लावायचं, मगच पुढचं उघडायचं. भावोजींचा चेहरा असा फुलला की काय सांगू. ‘अरे, हे आपल्या लिफ्टसारखंच! एक दार लागल्याशिवाय दुसरं हलता कामा नये.’ तिथल्या राखणदार बाई दारातल्या टपरीवजा खोलीतून बघत होत्या. त्यांनी मला विचारलं, ‘हे सरकारी तपासणीला आलेत का?’

मी म्हटलं, ‘सरकारला इतका वेळ कुठे असतो?’

सलग दोन रविवार नुसती तपासणी झाली. तिसऱ्या रविवारी भुंग्याची दोरी सुटली. क्षणभर तो तसाच उभा राहिला, दोरी सुटलीय हे त्याला खरंच वाटेना. मग जो सुटला! जाळीच्या कडेकडेने पूर्ण फेरी, मग उलटी फेरी, मग मधून आडवा. कान मागे, जीभ बाहेर. भावोजी मैदानाच्या मधोमध उभे राहून त्याच्या बरोबरीने स्वतःभोवती फिरत होते आणि लहान पोरासारखे हसत होते. घरी जाऊन भुंगा जो झोपला तो संध्याकाळीच उठला. आठवड्याने नर्सबाई ताईला जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, ‘कुत्रा दिलात का हो? आवाज नाही.’ ताईने मला मुद्दाम फोन करून हे सांगितलं. तिला कुत्र्याचं काही नाही, बरं का. सहज सांगितलं.

असे सोळा दिवस सुखाचे गेले.

सतराव्या दिवशी आतल्या फाटकाचा खटका भावोजींना सैल लागला. म्हणजे फाटक लागत होतं, पण जोरात ढकललं तर खटका अर्धा सूत, म्हणजे जेमतेम केसभर, सरकत होता. मला तर काही दिसलंसुद्धा नाही. राखणदार बाई म्हणाल्या, ‘मी ऑफिसला कळवलंय. शनिवारी माणूस येईल.’ शनिवार चार दिवसांवर होता. भावोजींना चार दिवस सैल खटका माहीत असून गप्प बसवेल? छे! दुसऱ्या दिवशी ते हत्यारांची पिशवी घेऊनच व्हॅनमध्ये बसले.

पुढचं नीट सांगतो, कारण तिथेच सगळा घोळ झाला.

लिफ्टच्या दाराचं काम करताना मेकॅनिक पहिली गोष्ट काय करतो? पाचर मारून दार उघडं ठेवतो. काम चालू असताना मागचं दार बंद झालं तर माणूस मध्ये अडकतो, आणि अडकलेल्या माणसाचं काय होतं हे भावोजींनी एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. एकतीस वर्षं त्यांच्या हाताने आधी पाचर मारली आणि मग पिशवी उघडली. त्या सकाळीही हाताने तेच केलं. भुंगा आत मैदानात धावत होता. भावोजी मधल्या पिंजऱ्यात आले, बाहेरचं फाटक सताड उघडून त्याखाली पाचर मारली, मग वळून आतल्या फाटकाचा खटका स्क्रू काढून हातात घेतला. आतलं फाटक आपोआप हलकेच उघडलं.

आणि मी? मी व्हॅनचं दार उघडं टाकून चहा पीत बसलो होतो. पाचर मारताना मी त्यांना बघितलं. दोन्ही फाटकं उघडी दिसत होती मला. पण भावोजी दाराचं काम करतायत म्हटल्यावर त्यात चूक असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दुसरा कोणी असता तर मी बोंब ठोकली असती.

भुंगा माझ्यासमोरून गेला. काळी रेघ ओढल्यासारखा. माझा चहा सांडला, भावोजी फाटकातून धावले आणि ओरडले, ‘भुंग्या! ए भुंग्या!’ अहो, बहिऱ्या कुत्र्याला हाका! ज्यांनी त्याला एक एक खूण शिकवली तेच घसा फोडून ओरडत होते.  आणि समोर हमरस्ता, ट्रकामागून ट्रक.

सकाळी सव्वासहा ते दुपारी दोन आम्ही शोधलं. मी व्हॅन घेऊन गल्ली गल्ली पालथी घातली. भावोजी पायी. राखणदार बाईंनी फाटकं उघडीच ठेवली, चुकून परत आला तर यावा म्हणून, आणि आलेल्या लोकांना त्यांची कुत्री घेऊन परत पाठवलं. अकराला ताई आली, रिक्षाने. मला वाटलं आता भावोजींची काही खैर नाही. पण ती सरळ त्यांच्याजवळ गेली. त्यांना पाण्याची बाटली दिली आणि म्हणाली, ‘तुम्ही डावीकडून जा, मी उजवीकडून जाते.’ प्रत्येक वळणावर रस्त्याच्या कडेला आधी बघायचो आम्ही. 

दोन वाजता राखणदार बाईंच्या लक्षात आलं की भावोजींची पिशवी फाटकाशीच पडलीय आणि तिच्यात काहीतरी घूं घूं करतंय. फोन! फोन पिशवीत टाकून भावोजी आठ तास शहरभर धावत होते. चौदा न उचललेले फोन, सगळे एकाच नंबरवरून. पट्ट्याला नंबरचा बिल्ला भावोजींनीच लावला होता, तो वाचून कोणीतरी सकाळी सातपासून फोन करत होतं.

रस्त्याच्या पलीकडे पत्र्याचे डबे करणारं एक वर्कशॉप होतं. त्याच्यावरून मी तीनदा गेलो होतो. आत एकही कुत्रं पाय ठेवणार नाही असा तो ठणठणाट, म्हणून मी थांबलोच नाही. आणि भुंगा तिथेच, पत्रा ठोकायच्या टेबलाखाली पाय पसरून झोपलेला. वर चार माणसं हातोडे घालतायत! पंजाला एक कापल्याची खूण, बाकी काही नाही. भावोजी खाली बसले, त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो जागा होऊन शेपूट आपटायला लागला तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं.

वर्कशॉपवाला भला माणूस. म्हणाला, ‘मागे मोठं आवार आहे आमचं. आठ फुटी भिंत, लोखंडी दार. गुणी कुत्रं आहे, आवाजाला घाबरत नाही. तुम्हाला जमत नसेल तर राहू दे इथे.’

भावोजी उठले, मागे गेले आणि आवार बघून आले. टेपसुद्धा काढला नाही. ‘चांगलं आहे,’ म्हणाले. ‘उद्या सांगतो.’

 घरी पोचल्यावर त्यांनी ताईला सांगितलं, ‘मी त्याला तिथे देऊन टाकतो. दोन्ही दारं मी उघडली. दुसऱ्या कोणी नाही, मी. उद्या परत काय करीन याचा मला भरवसा नाही.’

ताई म्हणाली, ‘बरं.’

मला तिचा असा राग आला! खाली उतरल्यावर मी तिला म्हटलं, ‘बरं काय बरं? तो माणूस खचलाय आणि तू बरं म्हणतेस?’

‘तू उद्या वेळेवर ये,’ ती म्हणाली. ‘आणि हॉर्न वाजवू नकोस.’

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला मी खाली उभा होतो, तर जिन्यातून भुंगा आणि त्याच्यामागे फरफटत ताई. जिने त्या कुत्र्याला कधी हात लावला नाही, ती दोरी दोन्ही हातांनी गच्च धरून! भावोजी वर बिछान्यात भिंतीकडे तोंड करून पडले होते म्हणे. आम्ही मैदानावर गेलो. खटका काल संध्याकाळीच ऑफिसच्या माणसाने येऊन नवा बसवला होता. ताई भुंग्याला घेऊन मधल्या पिंजऱ्यात शिरली, मागचं फाटक लावलं आणि तिथेच थांबली. मग एका हाताने फोन लावला.

‘अहो, मी मैदानावर आलेय. आतल्या फाटकाचा खटका नीट बसलाय की नाही मला कळत नाहीये.’

पलीकडून काहीतरी बोलणं झालं.

‘त्याला काय विचारू? तो पाव पोचवतो.’

पलीकडून पुन्हा काहीतरी बोलणं झालं.

‘राखणदार बाई लागलाय म्हणतायत. पण मी त्यांना कुठे ओळखते?’ राखणदार बाई तिच्यापासून दोन हातांवर उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी हात जोडले. ‘तुम्ही येऊन बघा. तुम्ही बघितल्याशिवाय मी याला सोडणार नाही. आणि तोवर इथून हलणारही नाही.’ फोन ठेवला.

मी म्हटलं, ‘ताई, मी जाऊन घेऊन येतो त्यांना.’

‘अजिबात नाही. त्यांचे ते येतील.’

पन्नास मिनिटं ती त्या पिंजऱ्यात उभी होती. भुंगा दोरी ओढत होता, उड्या मारत होता, तिच्या पायात घोटाळत होता, भुंकून भुंकून त्याने मैदान डोक्यावर घेतलं होतं. तिच्या तळहातांवर दोरीचे वळ उठले. दोन कुत्रेवाले ताटकळले, त्यांनी कुरकुर केली. तिने जराही लक्ष दिलं नाही. मला वाटलं, नाही येणार हा माणूस. आणि नाही आला तर ती काय करेल ते मला विचारवत नव्हतं.

सातच्या बसने भावोजी आले. दाढी केली नव्हती, शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली. सरळ पिंजऱ्यात आले. बाहेरचं फाटक लावलं, ढकलून बघितलं. मग आतलं ढकललं. पुन्हा ढकललं. 

‘लागलंय,’ ते म्हणाले.

‘नक्की?’ ताईने विचारलं.

लग्नाला चौतीस वर्षं झाली. गॅसपासून दारापर्यंत हे तिला विचारायचे, नक्की का म्हणून. तिने त्यांना विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. भावोजींनी पाय रोवले. मग त्यांनी खांदा लावून आतलं फाटक पूर्ण ताकदीने एकदा दाबलं. ते हललं नाही.

‘नक्की.’

‘मग घ्या,’ ताई म्हणाली आणि तिने दोरी त्यांच्या हातात दिली. ‘सोडायचं काम तुमचं. माझे हात भरून आलेत.’

त्यांनी आतलं फाटक उघडलं, भुंग्याला घेऊन मैदानात गेले आणि फाटक मागे लावून घेतलं. मग गुडघ्यावर बसून कितीतरी वेळ त्याच्या पट्ट्याशी चाचपडत राहिले. इकडे ताई जाळीला चिकटून उभी, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि ती ते पुसतही नाहीये. 

शेवटी भावोजींनी दोरीचा आकडा काढला, आणि भुंगा सुटला.